आपल्या वाड्याचा इतिहास कसा नोंदवावा

गोव्यात कोणाला गाव विचारले, तर सांगणारा गावाच्या नावावर थांबत नाही. पाठोपाठ वाडा, म्हणजे गावातली आपली वस्तीही सांगतो. गावाचे नाव नकाशावर, पंचायतीच्या फलकावर आणि बसच्या पाटीवर असते, वाड्याचे नाव मात्र फार तर लग्नपत्रिकेत आणि टपालाच्या पत्त्यात सापडते. गावच्या देवळावर, किल्ल्यावर किंवा चर्चवर कोणी ना कोणी लिहून ठेवलेले असते. वीस-पंचवीस घरांच्या वाड्यावर कोणी लिहीत नाही, कारण इथे लिहिण्यासारखे काय आहे, असे वाड्यातल्या माणसांनाच वाटत असते. फोंडा तालुक्यातल्या आमच्या अशाच एका वाड्याची नोंद मी तीन उन्हाळे आणि दोन पावसाळे फिरून केली. त्या कामात काय जमले, काय चुकले आणि पुन्हा करायचे झाल्यास काय वेगळे करीन, ते पुढे दिले आहे.

हद्द आणि वही

वाडा हा सरकारी घटक नव्हे, हे आधी ध्यानात घ्यावे. सर्वे क्रमांक महसुली गावाचे असतात, मतदार यादी प्रभागाची असते, गावकारी म्हणजे कोमुनिदाद (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था) गावाची असते. त्यामुळे वाड्याच्या नावाने एखाद्या कचेरीत कागद मागितल्यास हाती काही लागत नाही. वाड्याची हद्द लोकांच्या तोंडी असते आणि ती विचारूनच काढावी लागते. वाडा कोठे संपतो असा सरळ प्रश्न केल्यास प्रत्येक जण आपल्या घराच्या सोयीने उत्तर देतो. त्यापेक्षा शिगम्याचा मेळ कोणत्या घरापाशी मागे वळतो, पौषात धालो या बायकांच्या नाचगाण्याच्या मांडावर, म्हणजे त्यासाठी ठरलेल्या अंगणात, कोणत्या घरांतल्या बायका जमतात आणि कोणत्या घरांतल्या पलीकडच्या मांडावर जातात, हे विचारावे. आमच्याकडे व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडची तीन घरे पंचायतीच्या हिशेबी दुसऱ्या प्रभागात आहेत, पण त्यांच्या बायका धालोला आमच्याच मांडावर येतात. मी त्यांना आमच्या वाड्यात धरले आणि त्यावर आजतागायत कोणी हरकत घेतलेली नाही.

वही साधी, शिवलेली, जाड पुठ्ठ्याची घ्यावी. मोबाइलवर टिपणे घेता येतात, पण समोरच्या वृद्ध माणसाला आपण बोललेले कागदावर उतरताना दिसले की त्याचे बोलणे खुलते, हा माझा अनुभव आहे. प्रत्येक स्थळासाठी एक पान ठेवावे आणि पानावर तीन रकाने आखावेत: डोळ्यांना काय दिसते, लोक काय सांगतात आणि कागदात काय आहे. हे तीन रकाने शेवटपर्यंत एकमेकांत मिसळू देऊ नयेत. स्थानिक इतिहासाच्या पुष्कळशा पुस्तिका बिघडतात त्या इथेच, कारण सांगितलेले दिसलेल्यात मिसळते आणि दोन्ही मिळून कागदाच्या थाटात छापले जाते.

मीही त्यात एकदा सापडलो. वाड्याच्या मधोमध एका अंगणात चुन्यात बांधलेले, छातीइतके उंच, चारही बाजूंना दिव्याचे कोनाडे असलेले तुळशीवृंदावन आहे. त्याच्या पूर्वेकडच्या पायथ्याशी चुन्याच्या कितीतरी हातांखाली दबलेला १८५४ हा आकडा डोळ्यांना नीट दिसत नाही, पण बोट फिरवले की लागतो. मी तो वहीत इ. स. १८५४ असा उतरवला आणि त्यापुढे ‘वाड्यातील सर्वांत जुने दिनांकित बांधकाम’ अशी ओळही ठोकून दिली. सहा महिन्यांनी त्याच घरातल्या आजींना ती वाचून दाखवली, तेव्हा त्यांची सुपारी कातरणारी अडकित्ता मध्येच थांबली. ‘‘पुता, हें वृंदावन म्हजे मांयच्या लग्ना वेळार बांदिल्लें,’’ त्या म्हणाल्या. मांय म्हणजे त्यांची सासू. आकडा शकाचा होता. शके १८५४ म्हणजे इ. स. १९३२, आणि सासूच्या लग्नाशी तो बरोबर जुळत होता.

तेव्हापासून आकडा जसा दिसतो तसाच पहिल्या रकान्यात लिहायचा आणि त्याचा अर्थ वेगळा लिहायचा, हा नियम मी केला. हिंदू घरे, देवळे आणि वृंदावने यांवर शक असण्याचा संभव मोठा असतो. खुरीस (क्रूस) आणि कपेल (छोटी प्रार्थनाघरे) यांवर बहुधा इसवी सन असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, मात्र पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची तिथी असेल तर सहसा ७९ मिळवावे लागतात. शकाबरोबर संवत्सराचे नाव, तिथी आणि वार दिलेला असेल तर पंचांगाच्या आधारे पडताळा घेता येतो. नार्व्याच्या श्री सप्तकोटेश्वराच्या देवळावरचा लेख याचा उत्तम नमुना आहे. शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक कृष्ण पंचमी, सोमवार इतका तपशील त्यात असल्यामुळे छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने त्या देवळाचे काम नोव्हेंबर १६६८ मध्ये सुरू झाले, हे निःशंकपणे सांगता येते. वाड्यात असा लेख मिळण्याचे भाग्य क्वचित लाभते. पण एकटा आकडा किती कमी सांगतो, हे त्यावरून कळते.

पाण्यापासून सुरुवात

बहुतेक जण देवळापासून सुरुवात करतात. माझे मत वेगळे आहे: पहिले दोन-तीन दिवस फक्त पाण्याच्या मागे फिरावे. आमच्या भागात वरती जांभ्या दगडाचा सडा असतो, पावसाचे पाणी त्यात मुरते आणि उताराच्या पायथ्याशी झर होऊन बाहेर पडते. त्या झरीच्या आसपास घरे, घरांखाली कुळागर म्हणजे माड-पोफळीची बाग, कुळागराखाली शेत आणि शेवटी खाजन (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली जमीन) व नदी, अशी ही उतरंड असते. घरे इथेच का, वाट अशी वळणावळणाची का, देऊळ एवढ्या आडबाजूला का, या प्रश्नांची निम्मी उत्तरे पाण्याने मिळतात.

झर, तळी, विहीर, व्हाळ, बांध आणि मानस (भरतीचे पाणी अडवणारी दारे), यांपैकी जे जे असेल त्याची नोंद करावी. विहिरीचे पान भरताना खोली आणि व्यास मोजावा, चिरे कोरडे रचलेले आहेत की चुन्यात ते पाहावे, आणि काठाच्या दगडावर दोरीने पडलेले खाचे मोजावेत. आमच्या जुन्या विहिरीच्या काठावर अशा अकरा खाचा आहेत. त्यांतल्या उत्तरेकडच्या चार इतक्या खोल आहेत की करंगळी पूर्ण आत बसते, आणि घरांची गर्दीही उत्तरेलाच आहे. कोणाला कोणत्या विहिरीवर पाणी भरू देत नसत, हा प्रश्न अवघड आहे, पण तो विचारल्याशिवाय विहिरीचे पान पुरे होत नाही. उत्तर खालच्या आवाजात मिळते, आणि ते ज्यांना पाणी भरू देत नसत त्यांच्याकडूनही घ्यावे लागते.

वाडा नदीकाठी असेल तर खाजनाला स्वतंत्र पाने द्यावीत, कारण माणसाच्या हातचे एवढे जुने आणि अजून चालते काम वाड्यात दुसरे नसते. भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून चिखल, पेंढा आणि चिरे वापरून बांध घातलेला असतो, आणि त्याच्या तोंडाशी मानस असते. मानशीची लाकडी दारे कोणी उघडत-मिटत बसत नाही. भरतीचा लोट आला की ती त्याच दाबाने बंद होतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. दारे कोणत्या लाकडाची आहेत, शेवटची केव्हा बदलली, बांध फुटल्याची आठवण कोणाला आहे, मासळी धरण्याच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, कोण करतो आणि तो पैसा कोठे जातो, हे विचारावे. पूर्वी बांधाची डागडुजी गावकारी पाहत असे, कूळ कायद्यानंतर ती कुळांच्या संघाकडे आली. बांध का फुटतात याची खरी कहाणी या बदलात पुष्कळदा दडलेली असते, आणि ती सांगताना माणसे एकमेकांकडे बोट दाखवतात. दोन्ही बाजू लिहून घ्याव्यात.

फिरण्याचा मोसमही ठरवून घ्यावा. झरी आणि व्हाळ पावसाळ्यात व नंतर लगेच पाहावेत. जुने चौथरे, पडकी घरे आणि बांधाचे दगड मात्र गवत वाळल्यावर, माघापासून पुढे दिसतात. वैशाखात पाणी खाली गेले की तळ्याच्या तळच्या पायऱ्या उघड्या पडतात. सांगे तालुक्यातले कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले आहे, ते दर वर्षी मे महिन्याच्या सुमारास पुन्हा वर येते, आणि वाडे व वालकिणी या गावांत पुनर्वसन झालेले कुर्डीकर त्या दिवसांत तिथल्या सोमेश्वराच्या उत्सवाला परततात. जमिनीत पाया तेवढा उरलेला असतानाही माणसे आपल्या घराचा उंबरा नेमका कोठे होता ते पायाने दाखवतात. वाड्यातल्या पडक्या घरांची माहिती याच रीतीने, त्या जागेवर माणसाला उभे करून घ्यावी. सोप्यावर बसून ती अर्धीच मिळते.

देव, राखणदार आणि नाव नसलेले दगड

देवस्थानात जाण्यापूर्वी परवानगी घ्यावी, आणि ती महाजनांच्या (देवस्थानच्या सभासद घराण्यांच्या) अध्यक्षांकडून घेतली तरी पुजाऱ्याला, जिथे जल्मी म्हणजे देवाचे विधी करणारा मानकरी असेल तिथे जल्म्याला, पुन्हा विचारावे. काही जागी छायाचित्र चालत नाही. तिथे शब्दांत वर्णन लिहावे. चोरून फोटो काढल्यास पुढची सगळी दारे बंद होतात, आणि ते रास्तच आहे.

मोठ्या देवळापेक्षा वाड्याच्या कडेची ठाणी अधिक बोलकी असतात. वारूळ म्हणजे रोयण हेच जिचे रूप आहे ती सातेरी, रवळनाथ, वेताळ, केळबाय, वाटेवरचा राखणदार देवचार, सीमेवरचा खुरीस, वडाखालचा शेंदूर नसलेला दगड. प्रत्येक ठिकाणी कोण, केव्हा आणि काय ठेवतो ते लिहावे. राखणदाराला कोणी रोट देतो, कोणी चामड्याच्या वहाणा, कोणी विडी, कोणी मेणबत्ती. आणि ठेवणारा दर वेळी हिंदूच असतो असे नाही. रोटाचा दिवस, वहाणांची मापे, गाऱ्हाणे घालणाऱ्या माणसाचे घर, असा बारकावा पुस्तकात कधीच येत नाही, म्हणून तो वहीत आलाच पाहिजे.

इथे दोन गोष्टींपासून सावध राहावे. पहिली, स्थलांतराची कथा. सोळाव्या शतकात साष्टी, तिसवाडी आणि बार्देशातली देवळे पाडली जाऊ लागल्यावर अनेक देव नदी ओलांडून तेव्हा पोर्तुगीज सत्तेबाहेर असलेल्या भागांत आले. कुशस्थळीचा श्री मंगेश प्रियोळास, केळशीची श्री शांतादुर्गा कवळ्यास आणि वेरण्याची श्री म्हाळसा म्हार्दोळास आली, हे सर्वश्रुत आहे. त्यामुळे फोंडा महालातल्या प्रत्येक घुमटीबद्दल ‘देव पलीकडून आला’ असे सांगण्याची सवय लागली आहे. पण ते देव आले तेव्हा इथे गावे होती, शेते होती आणि त्या शेतांची सातेरी आधीपासून बसलेली होती. पलीकडच्या गावाचे नाव, तिथल्या कुळावींशी (त्या देवाला कुलदैवत मानणाऱ्या घराण्यांशी) अजून चालू असलेला संबंध किंवा एखादा कागद यांपैकी काही मिळाले तरच स्थलांतर लिहावे. नाही तर ते ‘लोक सांगतात’ या रकान्यातच राहू द्यावे.

दुसरी गोष्ट ‘कदंबकालीन’ या शब्दाची. तांबडी सुर्लच्या महादेवाचे देऊळ कदंबांच्या काळाचे म्हणतात, ते त्याच्या शिखरावरून, खांबांवरून आणि कोरीव कामावरून ठरवलेले आहे. आपल्या वाड्यातल्या झिजलेल्या दगडाला तोच शब्द लावण्यासाठी जाणकाराची नजर लागते. आपण दगडाची उंची, रुंदी, जाडी, दगडाचा रंग आणि आकृतीत काय काय ओळखू येते एवढेच लिहावे. हातात तलवार असलेला वीर, वर त्याला नेणाऱ्या अप्सरा आणि सर्वांत वर शिवलिंगापुढे हात जोडलेला तोच वीर, असे कप्पे दिसले तर तो वीरगळ. कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर सतीशिळा. याहून पुढे जाऊ नये.

अक्षरे किंवा पुसट कोरीव काम वाचायचे असेल तर दुपारी जाऊ नये. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरक्या उन्हात जावे, अथवा रात्री बॅटरी दगडाच्या एका कडेला टेकवून प्रकाश आडवा पाडावा. दुपारी सपाट दिसणारा दगड रात्री बोलू लागतो. खडूने रेषा ओढणे, तेल चोपडणे, तारेच्या ब्रशाने घासणे किंवा आम्लाने धुणे हे काहीही करू नये. जांभ्या चिऱ्यावर बारीक अक्षर टिकत नाही, तेव्हा लेख शोधताना बाहेरून आणलेला काळा दगड कोठे कोठे बसवला आहे ते आधी हेरावे. नांगरताना किंवा पाया खणताना मूर्ती निघाली तर ती घरच्या देव्हाऱ्यात नेऊ नये. राज्याच्या पुरातत्त्व खात्याला कळवावे. आणि उघड्यावरच्या मूर्तीचे नेमके ठिकाण छापू नये. चोराला आपल्या पुस्तिकेसारखा वाटाड्या नको.

घरांबद्दल थोडक्यात

भिंत मातीची की चिऱ्यांची, राजांगण म्हणजे आतला चौक आहे का, सोपा कोणत्या दिशेला तोंड करतो, खिडक्यांना शिंपल्यांची तावदाने उरली आहेत का, एवढे पाहिले तरी पुरे. कौलांविषयी मात्र एक सूचना आहे. छप्पर शाकारताना उतरवलेले मंगळुरी कौल उलटे करून पाहिले, की त्यावर कारखान्याचे नाव आणि पुष्कळदा १८६५ हा आकडा उठलेला दिसतो. घर तेवढे जुने आहे असे घरमालक आनंदाने सांगतो. १८६५ हे बासेल मिशनचा मंगळूरचा कौलांचा कारखाना सुरू झाल्याचे वर्ष आहे. त्यानंतर कितीतरी वर्षे कौलांवर तोच छाप पडत राहिला. घर त्या आधीचे नळ्यांचे किंवा गवताचे असू शकते, आणि फार नंतरचेही.

जुन्या लग्नाचे आल्बम आवर्जून मागावेत. माणसे नवरा-नवरीकडे पाहतात. आपण त्यांच्या मागे पाहावे. आमच्या वाड्यातल्या झरीचे सिमेंटने सुशोभीकरण झाले, तेव्हा तिच्या तोंडचा कोरीव दगड कंत्राटदाराने पायरीत घातला की फेकून दिला, ते कोणी सांगू शकले नाही. तो कसा होता हे कळले ते एका नवरीच्या फोटोतून. ती त्याच दगडावर हात टेकून उभी आहे.

शेतांची नावे

हा भाग मला सर्वांत आवडला. जमिनीच्या हक्कांची नोंद असलेला एक-चौदाचा उतारा गोव्यात सर्वांच्या परिचयाचा आहे, पण तो वाचतात ते कब्जेदाराच्या आणि कुळाच्या नावासाठी. त्याच उताऱ्यावर वरती शेताचे नाव असा रकाना असतो. मुक्तीनंतरच्या भूमापनाच्या वेळी लोकांनी सांगितलेली नावे त्यात उतरली आहेत, आणि वाड्यात ज्यांचा उच्चारही आता होत नाही अशी नावे तिथे सापडतात. जमीन खाजन आहे, केर (मधली वालुकामय) आहे की मोरड (उंचावरची), याचेही रकाने तिथेच आहेत, म्हणजे आज जिथे बंगला उभा आहे तिथे पूर्वी काय पिकत असे याचा अंदाज येतो. गावाच्या सर्वे नकाशाची प्रत घेऊन तिच्यावर ही नावे पेन्सिलीने भरत जावीत. गोठण असे नाव असेल तर गुरे दुपारी तिथे बसत. कोंड असेल तर व्हाळाचा खोल डोह जवळ असतो. कुंभाराचे नाव असलेल्या तुकड्यात कुंभार नसला तरी खापऱ्या पाहाव्यात. चर्चच्या किंवा कोणाच्या भाटाच्या, म्हणजे माडांच्या बागेच्या, जमिनीला देवळाचे नाव असेल तर तेथे थांबावे आणि आसपास विचारावे.

नावाची व्युत्पत्ती लावण्याचा मोह मात्र आवरावा. उच्चार वाड्यातल्या माणसाच्या तोंडून, त्याच्या कोकणीत जसा येतो तसा देवनागरीत लिहावा. त्याला शुद्ध मराठी करण्याच्या नादात मूळ नावच हातचे जाते. पोर्तुगीज कागदांत तेच नाव रोमी लिपीत आणि बहुधा शेवटी सानुनासिक होऊन येते. तिथे कुठ्ठाळीचे कोर्तालिम, केळशीचे केलोसिम आणि सांखळीचे सांकेलिम झालेले असते, आणि एकाच शतकात एकाच गावाची तीन-चार स्पेलिंगे भेटतात. सूची पाहताना ती सगळी शोधावी. आणि एकाच नावाच्या गावांत गफलत होऊ देऊ नये: केरी पेडण्यात आहे, फोंड्यात आहे आणि सत्तरीतही आहे. मी एकदा अख्खी दुपार घालवून उतरवलेले टिपण सत्तरीच्या केरीचे निघाले होते.

कोणाला विचारावे आणि कसे

वयाने सर्वांत मोठ्या माणसाकडे सगळेच पाठवतात, आणि तो पाठ झालेली गोष्ट सांगतो. त्याच्याकडे जावेच, पण माडावर चढणारा पाडेली, सुर म्हणजे माडी काढणारा रेंदेर, गुरे राखलेला माणूस आणि वाड्यातून लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या लेकी यांनाही गाठावे. पाडेल्याला प्रत्येक भाटाची मेर, म्हणजे हद्द, ठाऊक असते. लेकींना वाडा त्या गेल्या त्या दिवसाचा आठवतो. इथे राहिलेल्यांच्या आठवणीत नंतरचे बदल मिसळलेले असतात.

‘किती साली?’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. सगळ्यांना ठाऊक असलेल्या घटनेच्या आधी की नंतर, असे विचारावे. पोर्तुगीज गेले १९ डिसेंबर १९६१ ला. त्याच्या थोडे आधी रुपी जाऊन एस्कुद हे चलन आले होते. महाराष्ट्रात विलीन व्हावे की नाही, याचा जनमत कौल १६ जानेवारी १९६७ चा. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर गेले ते १२ ऑगस्ट १९७३ रोजी. मांडवीचा पूल ५ जुलै १९८६ ला कोसळला, आणि त्यानंतरची फेरीबोटीची गर्दी अनेकांच्या ध्यानात आहे. घटकराज्य ३० मे १९८७ चे. ख्रिस्ती घरांत गोंयच्या सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, शवप्रदर्शनाचा आधार घ्यावा; १९६४ पासून ते दर दहा वर्षांनी होत आले आहे. ‘सायबाच्या त्या फेस्ताला आमच्या वाटेवर डांबर नव्हते’ असे वाक्य मिळाले की दहा वर्षांची चौकट ठरते.

ध्वनिमुद्रण करायचे असेल तर आधी विचारावे, आणि नको म्हटले तर यंत्र पिशवीत परत टाकावे. एकाच माणसाकडे दोनदा जावे. पहिल्या भेटीत माणूस आपल्याला काय हवे असेल ते सांगतो, दुसऱ्या भेटीत त्याला स्वतःला काय आठवले ते सांगतो.

कागद

कागद शेवटी पाहावेत, कारण काय शोधायचे ते तोवर ठरलेले असते. आपला गाव जुन्या काबिजादीतला (पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या मुलखातला) की नव्या, यावर सगळे अवलंबून आहे. तिसवाडी १५१० मध्ये आणि बार्देश व साष्टी १५४३ मध्ये पोर्तुगिजांकडे गेली. तिथले कागद लांबवर मागे जातात. तिसवाडीच्या गावकाऱ्यांचे रिवाज नोंदवणारा फोराल, म्हणजे सनद, १५२६ चा आहे. फोंडा १७६३ मध्ये त्यांच्या ताब्यात आला. त्याआधी इथे आदिलशाही होती, १६७५ मध्ये शिवाजी महाराजांनी फोंड्याचा किल्ला घेतला, नंतर सौंदेकर राजे आले. साहजिकच इथले जुने कागद पोर्तुगीजपेक्षा मोडीत असण्याचा संभव अधिक.

पणजीचे राज्य पुराभिलेखागार १५९५ मध्ये सुरू झालेले आहे. तिथे जाताना ‘आमच्या वाड्याचे काही आहे का’ असे विचारू नये. गावाचे नाव, त्याची पोर्तुगीज स्पेलिंगे, साधारण काळ आणि शोधत असलेली वस्तू, म्हणजे बांध, देऊळ, वाट किंवा तळी, असे लिहून न्यावे. जमीन नोंदणीच्या जुन्या पुस्तकांत प्रत्येक तुकड्याची चतुःसीमा दिलेली असते, आणि तिच्यात शेजाऱ्याच्या नावाबरोबर वाट, व्हाळ, देऊळ अशा खुणाही येतात. पोर्तुगीज येत नसेल तरी पाच-दहा शब्द शिकून घेतल्यास चतुःसीमा उलगडते: नासेंत म्हणजे पूर्व, पोएंत म्हणजे पश्चिम, नोर्त उत्तर, सुल दक्षिण, वार्झेआ म्हणजे भातशेत, पाल्मार म्हणजे माडांचे भाट. मोडीसाठी मात्र जाणकार माणूसच हवा; अंदाजाने वाचू नये.

याखेरीज गावकारीचा कुळकर्णी, देवस्थानचे दप्तर, चर्चच्या बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यूच्या वह्या, आणि प्राथमिक शाळेचे हजेरीपट व दाखल्यांचे पुस्तक ही ठिकाणे आहेत. देवस्थानांचा कारभार १९३३ च्या माझानियांच्या, म्हणजे महाजन मंडळांच्या, कायद्याखाली चालतो, त्यामुळे महाजनांची यादी आणि नियमावली बहुधा मिळते. पंचायतीकडे लोकजैवविविधता नोंदवही असेल तर तीही पाहावी. देवराई, झरी आणि जुनी झाडे तिच्यात नोंदलेली असतात.

एक इशारा द्यायला हवा. १९६४ च्या कूळ कायद्याने आणि १९७५ च्या मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) कायद्याने वाड्यातल्या जमिनीची मालकी आणि माणसांची नाती दोन्ही बदलली, आणि त्यांतली काही प्रकरणे अजून कोर्टात आहेत. कोण कोणाचा मुंडकार होता हे वाड्याच्या इतिहासाचा गाभा असले, तरी जिवंत माणसांची नावे घालून ते छापू नये. आपली वही कोणाच्या दाव्यात पुरावा म्हणून पुढे आली, तर वाड्यात पुन्हा कोणी तोंड उघडणार नाही. आमच्याकडे दोन घरांनी अशी मागणी केली होती. दोघांनाही मी सारखाच नकार दिला, त्यामुळे दोघेही सारखेच रुसले.

वाचून दाखवणे आणि ठेवणे

कच्चा मजकूर तयार झाला की तो छापण्यापूर्वी वाड्यात मोठ्याने वाचावा. आम्ही मांडावर, सलग तीन रविवारी, संध्याकाळच्या दिवेलागणीनंतर वाचला. पहिल्या रविवारी नऊ माणसे होती, तिसऱ्या रविवारी मागे उभे राहायला जागा नव्हती, कारण मधल्या आठवड्यात मी कोणाच्या आजोबांचे नाव चुकवले आहे ही बातमी फिरली होती. हरकत आली की वाद घालू नये. ती समासात लिहावी आणि कोणत्या घराकडून आली तेही लिहावे. दोन घरांचे म्हणणे जुळत नसेल तर दोन्ही छापावे.

प्रती फार काढण्याची गरज नाही. एक देवस्थानात, एक शाळेत, एक पंचायतीत, एक पणजीच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात आणि मूळ वह्या एखाद्या कोरड्या, वाळवी न लागणाऱ्या ठिकाणी ठेवल्या म्हणजे झाले. आमच्या देवस्थानातल्या प्रतीला मागे वीस कोरी पाने शिवून एक पेन्सिल दोऱ्याने बांधून ठेवली होती. आतापर्यंत त्यांतली सात पाने भरली आहेत. त्यांतले एक विहिरीच्या खोलीबद्दल आहे. मी ती दोन हात कमी लिहिली होती, आणि पुन्हा दोर सोडून मोजले तेव्हा दुरुस्ती बरोबर निघाली.